दऱ्या आणि दर्या : खुणांकित संहितेच्या पदपरिस्फोटाचा इतिहास

मराठी शाळांतून व्याकरण शिकविताना ‘व्याकरण चालविणे’ या नावाचा एक अभ्यास विद्यार्थ्यांकडून करवून घेतला जात असे. ग्रांथिक भाषेत त्यास ‘पदपरिस्फोट’ असे नाव आहे. वाक्यातील एकेक पद उचलावयाचे, त्याची जाती, लिंग, वचन, विभक्ती सांगावयाची आणि त्याचा इतर पदांशी असलेला संबंध उलगडून दाखवावयाचा, असे त्याचे स्वरूप. इंग्रजी शाळांत याच अभ्यासास ‘पार्सिंग’ म्हणत. हा शब्द लॅटिनमधील ‘पार्स’ म्हणजे ‘भाग’ या शब्दावरून आला असून त्याचा मूळ रोख शब्दांच्या जातींकडेच होता. संगणकशास्त्राने तो व्याकरणाच्या वर्गातून उचलला. तेव्हा भाषाशास्त्राचा एखादा पदव्युत्तर विद्यार्थी प्रथमच एक्सएमएल फाईल उघडून पायथॉनसारख्या स्क्रिप्टिंग भाषेच्या साहाय्याने ती वाचू लागतो, तेव्हा तो परक्या प्रांतात शिरत नसून आपल्याच घराच्या एका नव्या खोलीत पाऊल टाकीत असतो.

तथापि या दोन पदपरिस्फोटांत एक मूलभूत भेद आहे. वाक्यातील संबंध अध्याहृत असतात. ते विद्यार्थ्याने ओळखावयाचे असतात. खुणांकित संहितेत मात्र ते संबंध कोणीतरी आधीच ओळखून कोनी कंसांत लिहून ठेवलेले असतात, आणि यंत्र केवळ त्या खुणा वाचते. म्हणून ‘पार्सरने फाईल वाचली’ याचा अर्थ ‘मजकूर समजला’ असा होत नाही. ही गोष्ट ऐकावयास सोपी वाटते. परंतु नवशिक्या अभ्यासकाच्या बहुतेक चुका ती विसरल्यामुळेच होतात, आणि मराठीच्या बाबतीत त्या चुकांची किंमत अंमळ अधिकच पडते.

खुणांकनाचा उगम शोधू गेल्यास वाट पुनःपुन्हा कोशांपाशी येते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ मध्ये व दुसरी १८५७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या कोशाचे कोणतेही पान घेतले तरी प्रमुख शब्द देवनागरीत, लिंगाचे आद्याक्षर तिरप्या टायपात, संस्कृत, फारसी, अरबी अशा मुळाचे आद्याक्षर, आणि मग अर्थांची मालिका, अशी रचना दिसते. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी संपादित केलेल्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात निघाले. त्यात लिंगासाठी ‘पु.’, ‘स्त्री.’, ‘न.’, प्रदेशासाठी गोल कंसातील संक्षेप, व्युत्पत्तीसाठी चौकोनी कंस, असा संकेतांचा दाट जंगलभाग आहे. जुळाऱ्याने कोणता टाईप केव्हा लावावयाचा हे नियम ठरलेले असत आणि वाचकाला त्या टायपांवरून नोंदीची अंतर्गत रचना उमगत असे. म्हणजे खुणा होत्याच. फक्त त्यांचा अर्थ वाचकाच्या डोळ्यांवर सोपविलेला होता. ‘हा मजकूर तिरपा’ एवढेच पानावर असे. ‘हा मजकूर लिंगदर्शक’ हे वाचकाने जाणावयाचे.

हे उलटे करण्याचा, म्हणजे मजकूर दिसतो कसा याऐवजी तो आहे काय हे लिहिण्याचा, संघटित प्रयत्न १९६९ मध्ये आयबीएम या कंपनीत चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लॉरी यांनी केला. त्यांच्यापुढे प्रश्न होता तो कायद्याच्या कागदपत्रांचा. तिघांच्या आडनावांची आद्याक्षरे घेऊन त्या पद्धतीस जीएमएल म्हटले गेले. १९८६ मध्ये तिच्यापासून एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय मानक तयार झाले. मात्र भाषाभ्यासकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे वर्ष १९८७ हे होय. त्या वर्षी अमेरिकेतील व्हासार कॉलेजात मानव्यविद्येचे अभ्यासक एकत्र आले आणि ‘टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह’, अर्थात टीईआय, या उपक्रमास आरंभ झाला. हस्तलिखिते, नाटके, पद्य, बोललेल्या भाषेचे लिप्यंतर आणि कोश या प्रत्येकासाठी टीईआयच्या मार्गदर्शिकेत स्वतंत्र प्रकरण आहे. कोशाच्या प्रकरणात नोंद, रूप, व्याकरणगट, अर्थ, वापराचा प्रदेश या प्रत्येकाला आपापली खूण आहे. मराठी कोशकाराने कंसांतून आणि टायपांतून जे सांगितले, तेच तेथे नावानिशी सांगितलेले आढळते.

एक्सएमएलची पहिली शिफारस १० फेब्रुवारी १९९८ रोजी प्रसिद्ध झाली. (योगायोग असा की रोहा ते मंगळूर हा कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग त्याच्या पंधरवडाभर आधी, २६ जानेवारी १९९८ रोजी, खुला झाला. त्याच मार्गावर ‘वैभववाडी रोड’ हे स्थानक आहे.) त्या शिफारशीच्या तीन संपादकांपैकी सी. एम. स्पर्बर्ग-मॅक्वीन हे टीईआयच्या मार्गदर्शिकेचेही संपादक होते, आणि टिम ब्रे यांनी पूर्वी कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशाच्या संगणकीय प्रकल्पावर काम केलेले होते. एक्सएमएल ही व्यापारी माहितीची देवघेव करण्यासाठी निघालेली वस्तू आहे अशी जी समजूत आढळते ती अर्धीच खरी आहे. तिच्या पूर्वजांत कोशवाङ्मयाचा वाटा मोठा आहे.

स्क्रिप्टिंग भाषांच्या इतिहासातही भाषाशास्त्र असेच अवचित भेटते. १९८७ मध्ये पर्ल ही भाषा निर्माण करणारे लॅरी वॉल हे भाषाशास्त्राचे विद्यार्थी होते. ज्या भाषेस लिपी नाही अशा एखाद्या भाषेला लिपी द्यावी असा त्यांचा तारुण्यातील मनोदय होता. जेम्स क्लार्क यांनी लिहिलेल्या ‘एक्सपॅट’ या पार्सरला पर्लशी जोडण्याचे पहिले काम वॉल यांनीच केले. पुढे पायथॉनमध्येही तोच एक्सपॅट आतून काम करू लागला. फ्रेड्रिक लुंड यांचे ‘एलिमेंटट्री’ हे साधन २००६ मध्ये पायथॉनच्या मूळ ग्रंथालयात दाखल झाले, आणि आज नवशिका बहुधा याच दाराने आत येतो. चार ओळींत फाईल उघडते, तिचे झाड तयार होते, आणि मुळापासून फांद्यांकडे जाता येते.

नमुन्यादाखल एका बोलीकोशातील नोंद अशी कल्पावी :

<नोंद>
<शब्द>झील</शब्द>
<लिंग>पु.</लिंग>
<अर्थ ठिकाण="वैभववाडी">मुलगा; <पाहा>चेडू</पाहा> याच्या उलट</अर्थ>
</नोंद>

येथे टॅगांची नावे देवनागरीत आहेत याचे कोणास नवल वाटेल. परंतु एक्सएमएलने आरंभापासूनच युनिकोडमधील लिप्यांना टॅगांच्या नावांत मुभा दिली आहे. या नोंदीवर एलिमेंटट्री चालविणाऱ्या विद्यार्थ्याला ‘अर्थ’ या घटकाचा मजकूर मागितल्यास काय मिळते? केवळ ‘मुलगा;’ एवढेच. ‘चेडू’ हा शब्द ‘पाहा’ या पोटघटकाचा झाला, आणि ‘याच्या उलट’ हे शब्द त्या पोटघटकाच्या शेपटीस लटकले. या साधनाच्या परिभाषेत त्यास ‘टेल’ म्हणजे शेपूटच म्हणतात. हिशेबाच्या फाईलीत असा मिश्र मजकूर क्वचितच असतो. कोशात तो पानोपानी असतो. ज्याने हे जाणले नाही त्याच्या हाती अर्धवट व्याख्यांचा कोश येतो, आणि यंत्र कोठेही तक्रार करीत नाही. ‘फाइंडऑल’ या आज्ञेला साधे नाव दिल्यास ती केवळ लगतची मुलेच शोधते, नातवंडे शोधीत नाही, ही दुसरी अशीच मुकी चूक. खोल उतरावयाचे असेल तर ‘इटर’ वापरावा लागतो.

कल्पित नोंदीकडून प्रत्यक्षाकडे वळावे. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजी झाला. त्यातील सर्व लेख एकाच मोठ्या एक्सएमएल फाईलीच्या रूपाने कोणासही उतरवून घेता येतात. मराठी गद्याचा एवढा मोठा आणि विनामूल्य संचय विद्यार्थ्याला अन्यत्र सहजी मिळणे कठीण. समजा, ज्या लेखांत ‘वैभववाडी’ हे नाव आले आहे ते सर्व लेख त्यास वेगळे काढावयाचे आहेत. फाईलीत ‘पेज’ नावाचे घटक डोळ्यांना स्पष्ट दिसतात. तो ‘पेज’ शोधण्याची आज्ञा देतो आणि उत्तर येते शून्य. याचे कारण फाईलीच्या पहिल्याच टॅगात दडलेले असते. तेथे एक ‘नेमस्पेस’ जाहीर केलेली असते, म्हणजे पुढील सर्व नावांचे घराणे सांगितलेले असते, आणि एलिमेंटट्रीच्या दृष्टीने त्या घटकाचे खरे नाव घराण्यासह उच्चारलेले पूर्ण नाव हेच होय. ही व्यवस्था जानेवारी १९९९ मध्ये आली. एका गावात तीन गणपत असले तर आडनाव सांगावे लागते, तसाच हा प्रकार आहे. पण पहिल्या दिवशी तो कोणास सुचत नाही.

ही अडचण दूर झाली की दुसरी उभी राहते. संपूर्ण झाड एकाच वेळी स्मृतीत उभारू गेल्यास साधा संगणक धापा टाकू लागतो. त्यासाठी फाईल तुकड्यातुकड्याने वाचून एकेक ‘पेज’ पूर्ण होताच ते पाहून टाकून देण्याची ‘इटरपार्स’ ही रीत आहे. पोथी सबंध पाठ करणारा आणि पान उलटीत जाणारा, या दोन वाचकांतील हा फरक होय. १९९८ मध्येच या दोन्ही रीतींची प्रमाणरूपे सिद्ध झाली होती : झाड उभारणारी डीओएम आणि घटना सांगत जाणारी सॅक्स.

यानंतर जे घडते त्याचा मराठीशी थेट संबंध आहे, म्हणून तेथे थोडे थांबणे अवश्य आहे.

देवनागरीच्या संगणकीय संकेतांचे भारतीय मानक, म्हणजे इस्की, भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावर बेतलेली होती. त्यानंतरही अनेक वर्षे मराठी मजकूर आठ बिटांच्या निरनिराळ्या फाँटांत टंकित होत राहिला. त्या फाँटांत देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसविलेले असत. असा मजकूर एक्सएमएलमध्ये घातला आणि संकेतनाचे नाव त्यास जुळेल असे दिले तर पार्सर तो निमूटपणे स्वीकारतो. रचना बिनचूक आणि मजकूर निरर्थक. कडकपणा केवळ रचनेपुरता आहे. एक कोनी कंस बंद करावयाचा राहिला तर एक्सएमएलच्या नियमानुसार पार्सरने तेथेच थांबलेच पाहिजे. सबंध परिच्छेद अनोळखी झाला तरी त्यास काही म्हणावयाचे नसते.

आता ‘दऱ्या’ हा शब्द घ्यावा. मराठीत ‘दरी’चे अनेकवचन ‘दऱ्या’ आणि समुद्र या अर्थाचा ‘दर्या’ हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिल्यातील र्‌काराचा आकार पापणीच्या केसासारखा, दुसऱ्यात तो रफार होऊन डोक्यावर जातो. हिंदीस हा भेद ठाऊक नाही. तो मराठीचा आणि नेपाळमधील नेवारीचा विशेष होय. इस्कीने त्यासाठी ‘ऱ’ हे अक्षर व त्यापुढे हलंतचिन्ह अशी योजना केली, आणि युनिकोडनेही ती स्वीकारली. परंतु युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगती राखण्यासाठी आणखी एक रीत मान्य राहिली : साधा ‘र’, हलंतचिन्ह, आणि त्यापुढे रुंदी नसलेले जोडचिन्ह. हे जोडचिन्ह कागदावर किंवा पडद्यावर दिसत नाही. मात्र ते मजकुरात असते. पहिल्या रीतीने ‘दऱ्या’ हा शब्द पाच संकेतांचा, दुसऱ्या रीतीने सहा संकेतांचा. यूटीएफ-८ या संकेतनात देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइटांचा असल्याने, आणि जोडचिन्हही तेवढेच असल्याने, एक पंधरा बाइटांचा तर दुसरा अठरा.

डोळ्यांना दोन्ही एकच. पायथॉनला दोन्ही भिन्न. युनिकोडने समानार्थी संकेतावली एकरूप करण्याची जी ‘नॉर्मलायझेशन’ नावाची क्रिया ठरविली आहे तीही येथे उपयोगी पडत नाही. ‘र’ला नुक्ता देऊन लिहिलेला ‘ऱ’ ती एकसंध ‘ऱ’शी जुळवून देते; पण जोडचिन्हाची रीत तिच्या कक्षेबाहेर राहते. परिणामी ‘दऱ्या’ शोधणाऱ्याला अर्धेच दाखले सापडण्याचा संभव असतो. ‘ॲ’ या अक्षराचीही हीच कथा आहे. २००८ पूर्वी युनिकोडमध्ये त्यास स्वतंत्र स्थान नव्हते. ‘अ’वर अर्धचंद्र देऊन ते लिहिले जाई आणि आजही अनेक फाईलींतून तसेच असते. ते नॉर्मलायझेशनने जुळत नाही.

याहून गंभीर गोष्ट पुढची. मजकूर ‘स्वच्छ’ करण्याच्या ज्या तयार कृती नवशिक्याच्या हाती येतात, त्यांत अदृश्य चिन्हे काढून टाकणे ही एक नेहमीची पायरी असते. रोमन लिपीच्या मजकुरात तिने फारसे बिघडत नाही. मराठीत ते जोडचिन्ह काढले की ‘र’, हलंत, ‘य’ एवढेच उरते आणि दऱ्यांचा दर्या होतो. वैभववाडी तालुका सिंधुदुर्ग जिल्ह्यात असला तरी त्यास समुद्रकिनारा नाही; करूळ आणि भुईबावडा हे घाट जेथून चढतात त्या सह्याद्रीच्या पायथ्याचा तो मुलूख. त्या मुलखाच्या वर्णनातील दऱ्या एका ओळीच्या आज्ञेने समुद्र होऊन जातात, आणि पार्सरच्या लेखी फाईल आधीइतकीच निर्दोष असते. ‘दर्या’ हाही मराठी शब्दच असल्याने शुद्धलेखन तपासणाऱ्या साधनालाही त्यात वावगे काही आढळत नाही.

टॅगांच्या नावांतही हा पापणीचा र्‌कार अडखळतो. एक्सएमएलच्या पहिल्या चार आवृत्त्यांनी नावांत चालणाऱ्या अक्षरांची यादी युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीवरून ठरविली होती. तीत ‘ऱ’ होता, पण ते अदृश्य जोडचिन्ह नव्हते. ‘ॲ’ तर तेव्हा जन्मासच आलेला नव्हता. २००८ च्या पाचव्या आवृत्तीने दोहोंना परवानगी दिली. तथापि एक्सपॅट चौथ्या आवृत्तीचे नियम पाळतो. त्यामुळे ‘बोलणाऱ्याचेगाव’ असे टॅगाचे नाव एका कळफलकावरून लिहिले तर चालते, दुसऱ्यावरून लिहिले तर फाईल उघडतच नाही. दोन्ही नावे छापून शेजारी ठेवली तरी फरक सापडावयाचा नाही. विद्यार्थ्याने अशा वेळी शब्दातील संकेत एकेक करून मोजावे, हा एकच उपाय. पायथॉनच्या २००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून अक्षरमाला युनिकोड संकेतांचीच असल्याने ही मोजणी एका ओळीत होते.

शेवटचा प्रश्न मूळ टॅगाचा. एक्सएमएलमध्ये ‘लँग’ नावाचा एक राखीव गुणधर्म आहे. तो मुळाशी लिहिला की, कोणी मध्येच बदलला नाही तर, सर्व वंशजांना लागू होतो. वैभववाडीत जमविलेल्या शब्दांच्या फाईलीत तेथे काय लिहावयाचे? नमुन्यावरून उतरवून घेणारा विद्यार्थी मराठीचा ‘एमआर’ हा संकेत लिहून मोकळा होतो. परंतु या एका शब्दामागे शंभर वर्षांचा वाद आहे. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या १९०५ च्या सातव्या खंडात कुडाळी ही कोकणीखाली आणि कोकणी ही मराठीखाली घातली गेली. अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींच्या पाहणीच्या मालेत कुडाळीवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये कोकणीला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली आणि १९९२ मध्ये ती घटनेच्या आठव्या परिशिष्टात समाविष्ट झाली. भाषांच्या आंतरराष्ट्रीय संकेतसूचीत मालवणीला स्वतंत्र संकेत नाही. तेव्हा ‘माका’, ‘तुका’, ‘खय’, ‘थय’ ही रूपे असलेल्या फाईलीच्या माथ्यावर मराठीचा संकेत लिहिणे किंवा कोकणीचा लिहिणे, हे दोन्ही निर्णयच आहेत. आणि कोशाचे संपादकमंडळ जे प्रस्तावनेत दोन पृष्ठे खर्चून मांडीत असे, ते येथे दोन-तीन अक्षरांत, कित्येकदा न कळत, होऊन जाते.

भाषासंकेतांच्या नियमांत खासगी जोडणीची एक सोय आहे : मराठीच्या संकेतापुढे ‘एक्स’ आणि त्यापुढे ‘मालवणी’ असे रोमन लिपीत लिहिता येते. बोलीचे नाव त्यामुळे निदान पुसले जात नाही. गावाचे किंवा तालुक्याचे नावही तेथेच जोडावे असे कोणास वाटेल, आणि उत्तरेस राजापूर व घाटापलीकडे गगनबावडा असलेल्या अशा सीमेवरील तालुक्यात ते स्वाभाविकही आहे. पण जोडणीच्या प्रत्येक तुकड्यास आठ अक्षरांची मर्यादा आहे. ‘मालवणी’ रोमनमध्ये सात अक्षरांत बसते. ‘वैभववाडी’ला अकरा लागतात. ते नाव भाषासंकेतात मावत नाही. ते प्रत्येक नोंदीत, वर दाखविल्याप्रमाणे ‘ठिकाण’ या गुणधर्मात, वेगळे लिहावे लागते.